करमसिंगची लाह

दसरा होऊन आठ दिवस झाले नसतील, तोच सुपडू मुकादम आमलीपाड्याला हजर झाला. डांबरी रस्त्यापासून पाड्यापर्यंत पाऊण तासाची चढण. कळसाडीच्या सपाटीवर वाढलेल्या सुपडूला ती दरवर्षी जड जायची, आणि दरवर्षी तो ती चढायचा. गुजरातेतल्या कारखान्याचा ऊस तोडायला एवढी कामाची आणि एवढी गप्प माणसं त्याला दुसरीकडं कुठं मिळणार? करमसिंगच्या ओट्यावर टेकून त्याने टोपीने वारा घेतला, तांब्याभर पाणी रिकामं केलं आणि मग विचारलं,

"करमसिंग, औंदा तुन्हा कोयता लिखु ना?"

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बारा वर्षं करमसिंग आणि रूपलीबाईचा कोयता सुपडूच्या वहीत होता. करमसिंगने बायकोकडं पाहिलं. ती मक्याची कणसं सोलत होती, डाव्या हाताने. गेल्या माघात, ट्रक भरताना, दंवाने ओल्या झालेल्या फळीवरून तिचा पाय सुटला होता आणि डोक्यावरची मोळी मानेसकट खांद्यावर आली होती. तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वेणी त्यांची पोरगी रिना घालून द्यायची, ती आश्रमशाळेतून घरी आली की. रिना नसली की रूपलीबाई केस तसेच गुंडाळून ठेवायची.

"यंदा नाही येणार," रूपलीबाई म्हणाली.

"मंग खाशात काय?"

"पाहुणे येणार आहेत आमच्याकडं. शहरातले. दर शनिवारी."

सुपडू हसला, अगदी पोट हलेपर्यंत. "पाहुना येस, खास आनि चालना जास. त्याना जोरवर तू हिवाळा काढशी?"

"काढू," करमसिंग म्हणाला.

"बरं भो. ट्रक दिवाळीनंतर रस्तावर उभा ऱ्हाई. मन बदलनं ते सांग."

तो उतरून गेला, आणि रूपलीबाईने त्या दिवशी कणसं सोलता सोलता गाणं म्हटलं. करमसिंगने ते किती दिवसांनी ऐकलं होतं. यंदा फळी चढायची नाही, एवढंच तिला पाहिजे होतं. त्याच्यापलीकडं तिचं काही मागणं नव्हतं.

पाहुण्यांची ही गोष्ट नवनीतने आणली होती. नवनीत शहाद्याचा. बापाचा ऊस, बापाची केळी, आणि पोराला चिखलात पाय घालायचा कंटाळा. म्हणून त्याने पोरांना डोंगर दाखवायचा धंदा काढला. नाशिक, पुणे, सुरतेकडची कॉलेजातली, नुकती नोकरीला लागलेली पोरंपोरी पाठीला भलीथोरली बोचकी मारून यायची, नर्मदेच्या फुगलेल्या पाण्यापर्यंत उतरायची, परत चढायची, दमायची, आणि या दमण्याचे पैसे द्यायची. पाड्याला आधी हे खरंच वाटेना. सरपणासाठी आपण जी चढण रोज शिव्या घालत चढतो, ती चढायला पैसे? पाड्याचा कारभारी भिला त्यांना म्हणाला होता, "मला द्या ते पैसे, मी तुमच्या वाट्याची चढून येतो. तुम्ही बसा."

श्रावणात अशी नऊ पोरं पावसात अडकली आणि करमसिंगच्या घरात दोन रात्री राहिली. रूपलीबाईच्या मक्याच्या भाकरी आणि उडदाची डाळ त्यांनी बोटं चाटत खाल्ली. निघताना नवनीत चुलीपाशी येऊन बसला.

"रूपलीबाई, तुन्हा हातनी भाकर लई भारी शे. एक खोली बांधा आंगनमा. मी दर शनवारले दहा-बारा पोरे लई येसु. माणूसमांगे तीनशे तुम्हले."

"दर शनिवारी?" रूपलीबाईने विचारलं.

"दर शनवारले. होळीलोंग."

तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं. ऊसही होळीपर्यंतच असतो. म्हणजे हंगामभर घरात. कागद वगैरे कुणी केला नाही. चुलीपाशी बसून भाकर खाल्लेल्या माणसाकडं कागद मागायचा, हे करमसिंगला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तर त्याला लाज वाटली असती.

खोली बांधायची तर लाह बोलवायची. एकाचं काम सगळ्या पाड्याने करायचं, याला तिथं लाह म्हणतात. घर उभं करायचं असो की शेताची बांधबंदिस्ती, ज्याचं काम तो घरोघर सांगून येतो. दर घरातून एक माणूस आपलं हत्यार घेऊन येतो. मजुरी नाही. ज्याची लाह तो सगळ्यांना जेवू घालतो, मोहाची पाजतो, आणि पुढं ज्याच्या त्याच्या लाहेला आपला दिवस देतो. हे कुठं लिहिलेलं नसतं, आणि कुणी विसरतही नाही. लाहेत पैसा येत नाही. आला, तर ती मजुरी झाली, आणि बोलावणाऱ्याने आपली माणसं विकली.

करमसिंग एकतीस घरं हिंडला. डोंगरात घरं अशी विखुरलेली की दोन दिवस गेले. भिला कारभाऱ्याकडं तो शेवटी गेला. भिला पंचावन्नचा, पण अजून अंगाने पहारीसारखा. त्याने बिडी विझवली आणि विचारलं,

"लाह कुणाची, करम्या? तुझी का त्या शहाद्यावाल्याची?"

"माझी. अंगण माझं, खोली माझी."

"तुझीच ना?"

"माझीच, भिलादादा."

"मग येतो."

लाहेचा दिवस शनिवार होता. दिवाळीच्या सुट्टीला रिना घरी आली होती आणि रूपलीबाईची वेणी नीट घातलेली होती. उजाडायच्या आत माणसं आली. कुदळी, पहारी, घमेली, बांबू चिरायचे कोयते. करमसिंगच्या मेलेल्या भावाचं घर पडलं होतं, त्याचे सागाचे खांब आणि आढं तसंच ठेवलेलं होतं. तेच वापरायचं ठरलं. खड्डे खणायला सुरुवात झाली, आणि खालून हाका ऐकू आल्या. लाहेचा दिवस करमसिंगने नवनीतला कळवला होता, आणि तो चौदा पोरंपोरी घेऊन चढत होता.

"आम्ही पण काम करणार!" सगळ्यात पुढची पोरगी म्हणाली. काजल तिचं नाव, नाशिकची. तिने बोचकं उतरवून लगेच घमेलं उचललं.

करमसिंगला काय करू आणि काय नको असं झालं. शहरची पोरं आपल्या लाहेला! पाड्यातली बायामाणसं आधी तोंडाला पदर लावून हसली, मग शिकवायला लागली. कुडाला बांबूच्या कामट्या कशा विणायच्या, माती आणि शेण पायाने कसं मळायचं. एका पोराने कुदळ अशी मारली की ती भिलाच्या पायाशेजारी रुतली. भिलाने त्याला हाताला धरून बाजूला नेलं आणि पाणी भरायच्या कामाला लावलं. काजलच्या तळव्यांना फोड आले. रूपलीबाईने त्यावर डाव्या हाताने हळद-तेल चोळलं. पोरगी रडता रडता हसत होती. मेहनत करत होती हे मात्र खरं, तिच्या नावाने बोटं मोडायचं काही कारण नाही.

नवनीतने काही उचललं नाही. त्याच्या हातात फोन होता. बारा जणांनी आढं खांद्यावर घेऊन खांबांच्या बेळक्यात बसवलं, सगळ्यांनी आरोळी ठोकली, आणि तो ओरडत आला.

"थांबा थांबा! एक डाव खाले ठेवा आनि परत उचला. शॉट ऱ्हायी गया मन्हा."

माणसं करमसिंगकडं बघायला लागली. बसवलेलं आढं खाली काढायचं? घराला ते बरं नसतं.

"पाहुणा आहे," करमसिंग म्हणाला. "एकदा करा. माझ्यासाठी."

त्यांनी आढं उतरवलं. पुन्हा उचलणार, तेवढ्यात नवनीत भिलापाशी गेला. भिलाच्या अंगात निळा शर्ट होता, मुद्दाम लाहेसाठी घातलेला.

"बाबा, शर्ट काढी टाका ना. जुनं, असल दिसाले पायजे."

 भिलाने पुन्हा करमसिंगकडं पाहिलं. करमसिंगने मान खाली घातली, आणि मान खाली घालणं म्हणजे हो म्हणणंच. भिलाने बटणं सोडली, शर्ट घडी करून बांबूंच्या ढिगावर ठेवला, आणि उघड्या अंगाने आढ्याला खांदा दिला. नवनीतला पाहिजे ते मिळालं.

दुपार कलली तेव्हा खांब, आढं आणि कूड उभं होतं. वासे बसवून कौलं तेवढी चढवायची राहिली होती. ती जेवण करून करायची ठरली. पंगत बसली. बोकड कापला होता. करमसिंग डाळ वाढत पोरांच्या ओळीत आला आणि प्रत्येकाला नाव-गाव विचारायला लागला. मागं रिना शाळेची वही घेऊन लिहीत होती.

"नावं कशाला, काका?" काजलने विचारलं.

"तू माझ्या लाहेला आलीस. मला तुझ्याकडं यायला लागेल ना. घर कधी बांधणार तुझा बाप? मी येईन एक दिवस. नाशिक मला माहीत नाही, पण येईन."

काजलचे डोळे भरून आले. तिला ते फार म्हणजे फारच आवडलं. त्याच ओघात, त्याचं ओझं हलकं करावं म्हणून, ती मोठ्याने म्हणाली,

"अहो काका, तुम्ही नका येऊ! आम्ही पैसे भरलेत ना या लाहेचे. अठराशे रुपये. त्यातले अर्धे तुमच्या गावालाच मिळतात."

भिलाचा हात ताटात थांबला. मराठी त्याला चांगली कळत होती.

"कुणाला मिळतात?"

"गावाला..." पोरगी गोंधळली. "म्हणजे काकांनाच दिले असतील. ज्यांची लाह आहे त्यांना."

 कुत्री तेवढी हाडांवरून भांडत होती. "मला माहीत नाही," करमसिंग म्हणाला. "भिलादादा, मला काहीच माहीत नाही. नवनीतभाऊला विचार."

नवनीत फोनला रेंज मिळते त्या दगडावर उभा होता. तो आला. भिलाने बसल्या जागेवरून विचारलं, "या लाहेचे पैसे घेतलेस?"

"अरे, ते जाहिरातमा तसं लिखनं पडस," नवनीत म्हणाला. "गाडी शे, डिझेल शे. तुम्ही काबर टेन्शन लेतस? करमसिंगनं मी पाही लिसु. त्याना-मन्हा हिसाब आलग शे."

तो बोलला ते माणशी तीनशेबद्दल. पण ऐकणाऱ्याने काय ऐकायचं? एकतीस घरांच्या माणसांनी ऐकलं की करमसिंगचा वेगळा हिशोब आहे. करमसिंगने तोंड उघडलं, आणि त्याला नेमकं सांगता येईना. तीनशे खरे होते. ते खोलीचे होते, लाहेचे नव्हते. एवढं साधं सांगायचं, तेही त्याला नीट जुळवता आलं नाही.

भिलाने ताटात पाणी ओतलं. उठून त्याने निळा शर्ट घातला, एकेक बटण लावलं, वरचंसुद्धा. पहार उचलली. बाकीचे उठले. कुणी शिवी दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. मोहाची घागर झाकलेली तशीच राहिली. रूपलीबाई धनुबाईच्या मागं चार पावलं गेली. "धनु, कौलं राहिलीत गं," ती म्हणाली. धनुबाईने मागं वळून पाहिलं नाही. ती शेजारीण, विधवा, रूपलीबाई पडली तेव्हा महिनाभर तिचं पाणी भरलेली.

पोरं नवनीतबरोबर नदीकाठच्या तंबूत मुक्कामाला उतरून गेली. त्यांच्यामागं उरलं बिनछपराचं कूड.

चौथ्या दिवशी धनुबाईकडं ढोल वाजला. तिच्या घराची कौलं बदलायची लाह होती. करमसिंगकडं सांगायला कुणी आलं नव्हतं.

"जाऊ नको," रूपलीबाई म्हणाली.

"तिने आपल्याला दिवस दिला. मला द्यायला पाहिजे."

तो गेला. कौलं देण्याची रांग लागली होती, ढिगापासून शिडीपर्यंत, या हातातून त्या हातात. करमसिंग रांगेत जाऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढं केले. अलीकडच्या माणसाने कौल त्याच्या हातात दिलं नाही. अंग लांबवून, त्याच्या छातीपुढून, ते पलीकडच्याला दिलं. मग दुसरं. मग तिसरं. सगळी रांग थोडी जास्त वाकत होती, एवढंच. करमसिंग हात पुढं करून उभा होता. त्याने मनात पस्तीस-चाळीस कौलं मोजली आणि मग हात खाली घेतले. असं अंगावरून काम गेलं की माणसाला मार खाल्ल्यासारखं होतं, पण मार खाल्ला म्हणून सांगताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो शहाद्याला गेला. नवनीतचं ऑफिस बियाण्याच्या दुकानावर, जिना चढून. आत थंडगार हवा, आणि समोरच्या भिंतीवर छतापर्यंतचा फोटो: उघड्या अंगाचा भिला, खांद्यावर आढं, मानेची शीर फुगलेली. त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. करमसिंगला अक्षर लावत लावत वाचता यायचं. 'लाह अनुभव. दर शनिवारी, नवा पाडा.'

"बस, करमसिंग. चहा लेशी?"

"चहा नको. तू पाड्यात ये आणि सगळ्यांसमोर सांग, की करमसिंगने पैसे घेतले नाहीत. एवढंच पाहिजे मला."

"एवढंच ना? येसु की. येत्या शनवारले येसु, सांगी दिसु." नवनीतने खिशातून नोटा काढल्या. पाचशेच्या, पाच-सहा. "तोपावत हाई ले. पाडामा वाटी दे, मंग बठ्ठा गोड व्हई जातीन."

"हे नेले तर मी घेतलेच असं होईल."

"लोके तसंही तेच समजी ऱ्हायनात ना? मंग लेवाले काय शे?"

 करमसिंगने हात मांड्यांखाली दाबून धरले. मग एक हात काढून त्याने भिंतीकडं बोट केलं.

"नवा पाडा म्हणजे? माझी खोली? कौलं मी चढवतो, मी आणि बायको मिळून. पोरं कधी आणतोस राहायला?"

नवनीतने त्याच्याकडं असं पाहिलं, जसं वर्गातल्या मठ्ठ पोराकडं मास्तर बघतो. वाईट माणूस असता तर तो निदान खोटं बोलला असता.

"अरे, त्या मुक्कामले नही येतस. मुक्कामले तंबू शेतस मन्हा. त्यासले बांधानं ऱ्हास, हात माटीमा घालाना ऱ्हातस. एक डाव बांधी झायं, ते झायं. आते पुढला शनवारले दुसरा पाडा, दुसरी खोली. तुन्ही खोली ते फुकटमा झायी! आखो काय पायजे तुले?"

"होळीपर्यंत म्हणालास. चुलीपाशी बसून म्हणालास."

"म्हनना व्हसु," नवनीत म्हणाला, आणि फोन वाजला म्हणून त्याने तो कानाला लावला.

जिना उतरताना करमसिंगने सदऱ्याच्या खिशातून रिनाच्या वहीचा कागद काढला. चौदा नावं. त्याने तो आणला होता नवनीतकडून त्या पोरांचे पत्ते घ्यायला. इतका तो मूर्ख, किंवा इतका तो सरळ, ज्याला जे म्हणायचं त्याने ते म्हणावं. कागद फेकवला नाही त्याच्याने. घडी करून त्याने तो परत ठेवला.

शनिवारी करमसिंग आणि रूपलीबाई सकाळपासून अंगणात बसले. खालची वाट तिथून दिसते. बाराच्या सुमाराला दोन जीपगाड्या रस्त्याने आल्या, आणि न थांबता पलीकडच्या डोंगराकडं वळल्या. थोड्या वेळाने तिकडून ढोल ऐकू आला, आणि मग आढं बसल्याची आरोळी. पुन्हा थोड्या वेळाने तीच आरोळी दुसऱ्यांदा आली.

"पुन्हा उचलायला लावलं," रूपलीबाई म्हणाली.

ती उठली आणि घरात गेली. कणगीमागून तिने दोन कोयते काढले आणि ओट्याच्या दगडावर घासायला बसली. डाव्या हाताने घासताना कोयता सारखा सटकत होता. करमसिंगने तो तिच्या हातातून घेतला.

"मी म्हटलं होतं त्याला की काढू हिवाळा," तो म्हणाला.

"मीही म्हटलं होतं," ती म्हणाली. "आपण दोघंही फसलो. आता त्याला धार लाव नीट."

सुपडू ट्रकपाशी उभा होता. तो हसला नाही, हे त्याचं भलेपण. वही काढून नुसतं म्हणाला, "चढा." ट्रकमध्ये पाड्याची नऊ घरं होती. धनुबाई तिच्या पोराबरोबर, भिला त्याच्या सुनेबरोबर. करमसिंग-रूपलीबाईला बसायला जागा झाली, कारण जागा होतीच, कुणी सरकलं म्हणून नव्हे. रात्रभर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. रिना आश्रमशाळेत परत गेली होती. जाण्यापूर्वी तिने आईची वेणी इतकी घट्ट घातली होती की ती आठ दिवस तरी सुटू नये.

सुरतेच्या बाजूला, कालव्याकाठी, पाचटाची खोपटं पडली. पहाटे चारला तोड सुरू व्हायची. तिसऱ्या दिवशी ट्रक भरायचा होता. दंव पडलं होतं, फळी ओली होती. मोळ्या शेतातून ट्रकपर्यंत हातोहात द्यायची रांग लागली आणि सुपडूने जागा वाटल्या. भिला खाली उभा राहून मोळी उचलून देणार, करमसिंग आणि आणखी दोघं ती डोक्यावर घेऊन फळी चढणार. रूपलीबाईलाही चढायचं होतं. करमसिंग तिला म्हणाला, "तू खाली थांब. तुझ्या वाटणीच्या मीच चढवतो."

मग तो भिलासमोर जाऊन उभा राहिला. हात पुढं करावेत की नाही, त्याला समजेना. हात आपोआप छातीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. धनुबाईने कोयता थांबवून तिकडं पाहिलं. भिलाने मोळी उचलली. करमसिंगला वाटलं, आता हा अंग लांबवेल आणि मागच्याच्या डोक्यावर देईल.

भिलाने मोळी त्याच्या डोक्यावर ठेवली. नीट, मध्यभागी, मानेला हिसका बसू नये अशी.

"घे," तो म्हणाला. "इथं चालतं. इथलं काम विकलेलंच आहे."

करमसिंग फळी चढायला लागला. अर्ध्यावर त्याला रडू फुटलं, आणि दोन्ही हात मोळीला असल्यामुळं डोळे पुसता आले नाहीत.